ऑटोमॅटिक कार वॉशसाठी प्रीसोक केमिकल कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडच्या अलीकडे हायवेला लागून आमचं वॉशिंग सेंटर आहे. आधी रॅम्प, प्रेशर पंप आणि दोन पोरं एवढाच कारभार होता. पुढे ब्रशवालं रोलओव्हर मशीन (गाडी जागेवर उभी, मशीन तिच्यावरून पुढे-मागे फिरतं) बसवलं आणि तेव्हापासून नवीन मशीन घेणाऱ्यांचे फोन येऊ लागले. शेडची उंची, थ्री फेज कनेक्शन, टाक्या, सगळी चौकशी त्यांनी केलेली असते. केमिकलचा विषय निघाला की मात्र "ते काय, मशीनवाला देईलच की" म्हणून मोकळे होतात. दोन महिन्यांनी परत फोन येतो. गाडी चकचकीत बाहेर येते, पण दाराच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं की बोट काळं होतं. त्या दुसऱ्या फोनमधले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

प्रीसोक म्हणजे शाम्पूच ना?

नाही. शाम्पू ब्रशबरोबर येतो, प्रीसोक त्याच्या आधी. कॉलर मळलेला शर्ट आपण आधी भिजत घालतो आणि मग घासतो. प्रीसोक म्हणजे गाडी भिजत घालणं, फक्त रात्रभर नाही, अर्धा मिनिट.

गाडीवर दिसणाऱ्या मातीच्या खाली एक पातळ चिकट थर असतो. डिझेलची काजळी, टायरचा चुरा, तेलाचा अंश, बारीक धूळ असं सगळं त्यात एकजीव झालेलं असतं. ह्याला ट्रॅफिक फिल्म म्हणतात. पाण्याचा दाब कितीही वाढवा, पत्र्याला अगदी टेकून वाहणाऱ्या पाण्याचा वेग जवळजवळ शून्य असतो. म्हणून वरचा चिखल उडतो आणि फिल्म जागच्या जागी राहते. ती सैल करायचं काम प्रीसोकचं.

टचलेस मशीनमध्ये घासणारं काहीच नसतं, त्यामुळे तिथे सगळी मदार ह्याच्यावर. ब्रशवाल्या मशीनमध्ये बरंच काम ब्रश उरकतो. पण घाण सैल झालेली नसेल तर ब्रश तीच घाण रंगावर गोल गोल फिरवतो, आणि काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. ग्राहक दोष ब्रशला देतो.

निवडायला सुरुवात कुठून करू? तीन कंपन्यांचे रेट आलेत.

रेट बाजूला ठेवा. आधी तीन गोष्टी एका कागदावर लिहा : तुमचं पाणी किती जड आहे, तुमच्या भागात गाडीवर घाण कसली बसते, आणि प्रीसोक मारल्यापासून पहिलं पाणी लागेपर्यंत तुमच्या मशीनमध्ये किती सेकंद मिळतात. ह्या तीन उत्तरांना जे केमिकल जुळेल ते घ्यायचं. बहुतेक लोक हे उलटं करतात. ड्रम आधी येतो आणि मग त्याच्याकडून काम करून घेण्यासाठी डोस वाढवत बसतात.

पाण्याचं काय बघायचं? टीडीएस मीटर आहे आमच्याकडे.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजतो. साबणाचा शत्रू त्यातला एकच भाग, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे पाण्याचा जडपणा. त्यासाठी थेंब मोजायचं हार्डनेस किट मिळतं. नमुन्यात थेंब टाकत जायचं आणि गुलाबीचा निळा रंग झाला की थेंब मोजून आकडा काढायचा. दहा मिनिटांचं काम आहे, कुणीही करू शकतं.

आकडा कसा वाचायचा, तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीही साबणाला चालेलच असं नाही. बोअरचं पाणी ४००-५०० लागलं की प्रीसोकमधला पहिला हिस्सा त्या कॅल्शियमशी झगडण्यातच संपतो. उरलेलं गाडीच्या वाट्याला. एकाच ड्रमबद्दल नळाचं पाणी वापरणारा म्हणतो "एक नंबर" आणि बोअरवाला म्हणतो "पाणी आहे नुसतं", आणि दोघंही खरं बोलत असतात.

मग सगळ्याच पाण्याला सॉफ्टनर लावायचा? खर्च परवडणार नाही.

सगळ्याला नाही. प्रीसोक ज्या पाण्यात मिसळतो तेवढ्याच पाण्याला लावा. हिशेब करून बघा. एका गाडीला तयार द्रावण साधारण ५ लिटर धरू. दिवसाला ६० गाड्या म्हणजे ३०० लिटर. जडपणा ४०० असेल तर त्यातून रोज १२० ग्रॅम जडपणा काढायचा आहे. सॉफ्टनरमधल्या रेझिनचा (जडपणा ओढून घेणाऱ्या बारीक मण्यांचा) एक लिटर साधारण ५० ग्रॅम ओढून घेतो. म्हणजे २५ लिटर रेझिनची, बंगल्याला बसवतात तेवढी टाकी दहा दिवस चालेल, मग मीठ घालून पुन्हा ताजी करायची. मीठ संपलंय हे लक्षातच राहत नाही, एवढीच काय ती कटकट. आमच्याकडे कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. सॉफ्टनरनं टीडीएस कमी होत नाही. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, बस. शेवटच्या पाण्याचे पांढरे ठिपके नको असतील तर त्या टप्प्याला आरओचं पाणी लागतं. तो वेगळा विषय.

अल्कलाइन घेऊ की ॲसिडिक?

अल्कलाइन म्हणजे सोड्याच्या जातीचं, पीएच ७ च्या वरचं. तेलकटपणा, काजळी, किडे, पक्ष्यांची घाण ह्यावर ते चालतं. ॲसिडिक म्हणजे ७ च्या खालचं. क्षार, सिमेंट, चुना आणि काचेवरचे पाण्याचे डाग ह्यावर ते चालतं. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. सिमेंटच्या शिंतोड्यावर अल्कलाइन ओतणं म्हणजे चुन्यावर चुना.

ब्रशवालं मशीन असेल तर रोजच्या कामाला मध्यम ताकदीचं एक अल्कलाइन पुरे. ॲसिडिकचा एक कॅन हातपंपात भरून बाजूला ठेवायचा आणि गरज असेल तिथेच मारायचा. टचलेस मशीन असेल तर दोन टप्पे लागतात. आधी ॲसिडिकचा हलका थर, त्यावर अल्कलाइन, मग प्रेशरचं पाणी. दोन्हीच्या पाइपलाइन वेगळ्या हव्यात. एकाच लाइनमधून आलटून पालटून सोडली तर आत चोथा धरतो आणि नोझल तुंबतात.

आमच्या भागातल्या घाणीला कुठलं चालेल?

ह्याचं उत्तर प्रत्येक तालुक्याचं वेगळं आहे. मला माहीत असलेलं सांगतो.

काळी माती : ती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की पत्र्याला धरून बसते. त्यावर थेट केमिकल मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं, अक्षरशः. आधी साध्या पाण्यानं चाकांचे खोबण आणि खालचा भाग मोकळा करा, दोन मिनिटं मुरू द्या, मग गाडी मशीनमध्ये घ्या. कोकणातून आणि गोव्यातून आलेल्या गाड्यांवरची तांबडी माती निघते लवकर, पण तिचा रंग लोखंडाच्या गंजाचा असतो. तो कुठल्याही प्रीसोकनं विरघळत नाही, पाण्यानंच वाहून न्यावा लागतो. पांढऱ्या गाडीच्या रबरावर थोडी लाली राहिली तर डोस वाढवून काही होत नाही.

ऊस : आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की धुराड्यातून उडालेली बगॅसची (उसाच्या चोथ्याची) काजळी रात्रीत गाड्यांवर येऊन पडते. कोरडी असताना फुंकरीनं उडते, पण दव पडलं आणि कुणी कपड्यानं पुसली की काळा लेप होतो. ह्याला अल्कलाइनच लागतं. आम्ही हंगामापुरता डोस थोडा वाढवतो आणि उन्हाळ्यात परत खाली आणतो.

पार्किंगचा ठिबक : पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतली हमखास तक्रार. स्लॅबमधून झिरपलेलं पाणी बरोबर चुना घेऊन येतं, ते बॉनेटवर ठिबकतं आणि वाळून पांढरा घट्ट थर होतो. मशीनमधून तीनदा काढली तरी गाडी जशीच्या तशी. इथे ॲसिडिकच. फार जुना डाग असेल तर खालच्या क्लिअर कोटलाच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरालाच, खड्डा पडलेला असतो. थर निघतो, पण डागाची कडा दिसत राहते. हे ग्राहकाला धुण्याच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर तो खड्डा तुम्ही पाडलेला असतो.

किडे : पाऊस सरता सरता रात्रीच्या प्रवासाला निघालेल्या गाड्यांचं नाक किड्यांनी भरलेलं असतं. तेवढ्यासाठी अख्ख्या गाडीचा डोस वाढवू नका. बंपर, आरसे आणि काचेवर हातपंपानं आधी मारा आणि एक मिनिट थांबा.

समुद्राचं मीठ : पाण्यात विरघळतं. केमिकलची गरज नाही, खालून भरपूर पाणी मारा.

खंडेनवमीला पूजा केलेली गाडी मशीनमध्ये घातली आणि दारावर लाल ओघळ आले. केमिकलनं रंग जाळला का?

नाही जाळला. हे आमच्याकडेही झालंय आणि त्या पाच मिनिटांत माझ्या पोटात गोळा आला होता. पांढरी गाडी, बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक, चारी चाकांना हळद-कुंकू. प्रीसोकचा फवारा गेला आणि पिवळी हळद डोळ्यांदेखत लाल-तपकिरी झाली. ओघळ बॉनेटवरून बंपरपर्यंत. मालक शेडच्या तोंडाशी उभे, हातात अजून झेंडूचं फूल.

झालं ते एवढंच. हळदीतला रंग सोड्याच्या संपर्कात आला की लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते ह्याच गुणामुळे. प्रीसोक अल्कलाइन, म्हणून गाडीवर आपोआप कुंकू तयार झालं. उपाय घरचाच आहे : लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, चमचाभर एक लिटर पाण्यात. ते मारलं की लाल परत पिवळं होतं आणि मऊ कापडानं पुसता येतं. पांढऱ्या रबरावर थोडा पिवळेपणा उरला तरी घाबरू नका, हळदीचा रंग उन्हात उडतो.

आता आमच्याकडे दसऱ्याच्या आठवड्यात प्रवेशालाच एक पोरगा बादली घेऊन उभा असतो. हार काढायचे, हळद-कुंकू साध्या पाण्यानं उतरवायचं, मगच गाडी आत. गणपती विसर्जनानंतर गुलालाचंही तसंच. फक्त गुलाल आधी कोरडाच ब्लोअरनं उडवा. ओला झाला की काचेच्या रबरांत आणि काळ्या प्लास्टिकमध्ये जाऊन बसतो.

लेबलवर पीएच १३ लिहिलंय, दुसऱ्यावर १२. तेरावालं जास्त दमदार ना?

पीएचची मोजपट्टी दहापटीची आहे. १२ चा १३ झाला म्हणजे अल्कली दहापट. पण हा आकडा ड्रममधल्या मालाचा असतो, गाडीवर पडणाऱ्या द्रावणाचा नाही. नुसत्या कॉस्टिकचं (कॉस्टिक सोड्याचं) पीएच १३ चं द्रावण लिटरभर पाण्यात फक्त ४ ग्रॅम कॉस्टिकनं तयार होतं. ते शंभरपट पातळ केलं की पीएच ११ वर येतं आणि मागे राखीव असं काही उरत नाही. घाणीला भिडलं की संपलं. सिलिकेट, कार्बोनेट वगैरे घालून केलेलं केमिकल लेबलवर १२ दाखवेल, पण पातळ केल्यावरही टिकून राहील. सप्लायरला विचारायचं ते असं : "तुम्ही सांगता त्या प्रमाणात मिसळल्यावर पीएच किती?" आणि मग स्वतः पीएच पेपर बुडवून बघायचं.

ह्याहून मोठी गोम पुढे आहे. तूप, गोडेतेल ह्यांचा कॉस्टिकनं साबण होतो. डिझेलच्या आणि इंजिन ऑइलच्या तेलाचा होत नाही, ते खनिज तेल आहे. त्याला पत्र्यापासून सोडवतात ते सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं काम करणारे घटक. ते महाग असतात आणि कॉस्टिक स्वस्त. स्वस्त ड्रममध्ये कशाचं माप वाढवलेलं असतं ते आता सांगायला नको. पोरांच्या हाताची सालं निघतात आणि काजळी तशीच राहते.

फेस भरपूर येतो आणि माल घट्ट आहे. चांगलाच असणार?

ग्राहकाला फेस आवडतो, रंगीत फेस तर फारच. लहान मुलं काचेतून टाळ्या वाजवतात. त्यासाठी फेस ठेवायला माझी हरकत नाही, पण फेस म्हणजे सफाई नव्हे. खूप कोरडा, दाढीच्या साबणासारखा फेस पत्र्याच्या वरच तरंगतो, आतलं केमिकल घाणीपर्यंत पोचतच नाही. ओलसर, हळूहळू खाली सरकणारा फेस कामाचा.

घट्टपणाचं तर विचारूच नका. ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा कच्चा माल) आणि कॉस्टिकपासून घरगुती कारखान्यात जो माल बनतो, त्यात ठरावीक प्रमाणात साधं मीठ टाकलं तरी तो मधासारखा घट्ट होतो. रंग आणि लिंबाचा वास टाकला की "फॉरेन क्वालिटी". सगळे छोटे उत्पादक असं करतात असं नाही, चांगला माल देणारेही आहेत. पण बाटली हलवून पारख करू नका.

प्रीसोक गाडीवर किती वेळ हवा?

सप्लायर सांगेल तो वेळ आणि तुमचं मशीन देईल तो वेळ, ह्यांची गाठ घालून बघा. टचलेसला साधारण अर्धा ते एक मिनिट लागतो. रोलओव्हरमध्ये प्रोग्रॅममध्ये थांबा वाढवता येतो. टनेलमध्ये, म्हणजे गाडीच पुढे सरकत जाते त्या मशीनमध्ये, तसं नाही. तिथे गाडी ओढणाऱ्या कन्व्हेयरचा वेग ठरवतो. समजा तासाला ६० गाड्या, एक गाडी आणि पुढची मोकळी जागा मिळून साडेपाच मीटर. म्हणजे कन्व्हेयर मिनिटाला साडेपाच मीटर चालतोय. प्रीसोकच्या फवाऱ्याची कमान आणि घासणाऱ्या कापडांचा पहिला पडदा ह्यांत ३ मीटर अंतर असेल तर साधारण ३३ सेकंद मिळतात. रविवारी गर्दी झाली म्हणून तासाला १०० गाड्यांचा वेग केला की २० सेकंदच उरतात. रविवारच्याच गाड्या मळक्या का निघतात ह्याचं उत्तर बहुधा इथे असतं. एक तर वेग आवरा, नाही तर प्रीसोकची कमान मागे सरकवा. डोस वाढवून हरवलेले १३ सेकंद पूर्ण भरून निघत नाहीत.

उन्हाळ्यात काय बदल करायचा?

केमिकल गाडीवर वाळू द्यायचं नाही, हा एकच नियम. परदेशी माहितीपत्रकांत थंडीत काम कसं करावं ह्यावर पानंच्या पानं असतात. आपल्याला त्याचा उपयोग नाही, आपला प्रश्न उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता हायवेवरून आलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवत नाही. त्यावर प्रीसोक पडलं की दहा-पंधरा सेकंदांत कडेनं वाळायला लागतं. सिलिकेट असलेलं केमिकल काचेवर वाळलं तर जो धुरकट डाग पडतो तो नंतर कशानंही हटत नाही, काच पॉलिश करावी लागते, आणि तीही नीट होईलच असं नाही.

गाडी आधी साध्या पाण्यानं गार करून घ्या, थांबा निम्मा करा, आणि शेडच्या पश्चिम बाजूला हिरवी नेट बांधा. विदर्भात तर दुपारचं काम पूर्ण बंद ठेवून सकाळ-संध्याकाळ चालवणारे आहेत आणि ते शहाणे आहेत. उष्णतेनं केमिकलची क्रिया वेगानं होते, त्यामुळे निम्म्या वेळात काम होऊन जातं. डोस वाढवायचा नाहीच.

डोस बरोबर जातोय का हे कसं कळणार? मशीनवर १ टक्का सेट केलंय.

सेटिंगवर विश्वास ठेवू नका. ड्रममधला सक्शन पाइप काढा, ५०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये बुडवा, एक गाडी धुवा आणि पातळी किती उतरली ते बघा. तेवढे मिली एका गाडीला गेले. आम्ही दर सोमवारी पहिल्या गाडीला हे करतो आणि भिंतीवरच्या वहीत लिहितो. एकदा ४० चे अचानक १८ झाले होते. फूट व्हॉल्व्हच्या (सक्शन पाइपच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हच्या) जाळीत ड्रमच्या सीलचा तुकडा अडकला होता. आठवडाभर आम्ही "माल खराब आला" म्हणून सप्लायरला बोलत होतो. नंतर फोन करून माफी मागितली.

पैशाचा हिशेबही ह्याच मिलीवर करा, लिटरच्या भावावर नाही. समजा एक केमिकल १४० रुपये लिटर आहे आणि गाडीला ९० मिली लागतं : १२ रुपये ६० पैसे. दुसरं ३२० रुपये लिटर, पण ३० मिलीत काम होतं : ९ रुपये ६० पैसे. महागडा ड्रम स्वस्त पडला.

मॅगव्हील आणि रूफ रेलवर पांढरट डाग आले. का?

ॲल्युमिनियमची खोड अशी की त्याला जोरदार ॲसिडही चालत नाही आणि जोरदार अल्कलीही. कॉस्टिक लागलं की वरचा संरक्षक थर विरघळतो आणि दुधाळ डाग पडतो. तो धुण्यानं जात नाही, पार्टच पॉलिश करावा किंवा बदलावा लागतो. पहिल्या वर्षी एका सप्लायरनं "हेवी ड्यूटी" म्हणून दिलेला माल ट्रकच्या चेसिससाठी बनवलेला होता. आम्ही तो गाड्यांना वापरला आणि एका एसयूव्हीच्या दोन्ही रूफ रेल भरून दिल्या. तेव्हापासून कुठलाही नवा ड्रम आला की भंगारातल्या रेलच्या तुकड्यावर द्रावण लावून दहा मिनिटं ठेवतो. तुकडा ऑफिसच्या खिडकीत असतो, त्यावर मार्करनं तारखा आहेत. क्रोमचं दिसणारं प्रत्येक काही क्रोम नसतं, हेही तिथेच शिकलो.

एकानं सांगितलं, अमुक ॲसिड चाकांना एका फवाऱ्यात चकचकीत करतं. वापरू का?

त्यात काय आहे ते आधी विचारा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असेल तर तो कॅन दारातूनच परत पाठवा. काम जबरदस्त करतं, हे खरं आहे. पण ह्यानं भाजणं इतर ॲसिडनं भाजण्यासारखं नसतं. पातळ द्रावण कातडीला लागलं तर तेव्हा काहीच वाटत नाही. काही तासांनी आतून ठणका सुरू होतो, कारण तोवर ते कातडीच्या खाली उतरून शरीरातलं कॅल्शियम बांधत असतं. मोठ्या भागावर लागलं तर जिवावर बेततं. ह्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात आणि लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी ते जेल रात्री आठ वाजता मिळेल का, ह्याचा विचार करा. लेबलवर नाव नसेल तर सेफ्टी डेटा शीट मागा. ती १६ भागांची असते, तिसऱ्या भागात घटक दिलेले असतात. शीट नाही म्हणणाऱ्याचा मालही नाही म्हणा.

चाकांना फॉस्फोरिक किंवा सायट्रिकवर आधारलेलं क्लीनर आणि एक ब्रश पुरतो. वेळ थोडा जास्त लागतो, लागू दे.

पोरांच्या सुरक्षेसाठी किमान काय?

नायट्राइलचे लांब हातमोजे, बंद गॉगल, गमबूट. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं वाहतं पाणी, घड्याळ लावून, आणि मग डॉक्टर. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. आणि ॲसिडिक प्रीसोकच्या आसपास ब्लीचिंगचा डबा ठेवायचा नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो.

सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक फिल्म), मॅट रॅप असलेल्या गाड्यांचं काय?

सौम्य प्रोग्रॅम वेगळा ठेवा. कमी डोस, कमी थांबा, ॲसिडिक नाही. मॅट रॅपवर डाग राहिला तर पॉलिश करता येत नाही, म्हणून आम्ही मॅट गाडी मशीनमध्ये घेतच नाही, हातानं धुतो.

धुलाई नीट होते, पण शेवटचा वॅक्स बसत नाही. पाणी चादरीसारखं तसंच राहतं.

पहिला संशय प्रीसोक पूर्ण निघत नाही ह्यावर घ्या. बरेचसे प्रीसोक आणि शाम्पू ऋण भाराचे असतात आणि ड्राइंग वॅक्स धन भाराचा. मागे प्रीसोक उरलं की वॅक्स त्यालाच जाऊन चिकटतो, गाडीला नाही, आणि पाण्याचे मणी होत नाहीत. लोक वॅक्सचा डोस वाढवतात. मधल्या धुण्याचं पाणी वाढवून बघा आणि नोझल तपासा, मग वॅक्सला दोष द्या.

रिसायकल केलेलं पाणी प्रीसोकला चालेल?

नाही. ते खालच्या भागाला आणि पहिल्या फवाऱ्याला वापरा. प्रीसोकला स्वच्छ आणि मऊ पाणीच हवं. उलट बाजूही लक्षात ठेवा. काही केमिकल तेलाला पाण्यात इतकं घट्ट कालवतात की ऑइल सेपरेटरमध्ये तेल वर येतच नाही. रिसायकल बसवायचं असेल तर तेल लवकर सोडणारं केमिकल आहे का, हे सप्लायरकडून लेखी घ्या. टाकीला कुजक्या अंड्याचा वास यायला लागला तर तो केमिकलचा नाही. तळातल्या गाळात हवा नसल्यामुळे जंतू माजलेत. गाळ उपसा आणि टाकीत हवा सोडा.

सांडपाण्याचं काय? नगरपालिकेचं गटार समोरच आहे.

समोर आहे म्हणून सोडता येत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्या आणि संमतीपत्रात लिहिलेले आकडे पाळा. नदी-ओढ्यात जाणाऱ्या पाण्यासाठी पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधली सर्वसाधारण मानकं पीएच ५.५ ते ९ आणि तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत अशी आहेत. रोजच्या धुण्याचं पाणी एकत्र झालं की पीएच सहसा आटोक्यात येतो. तेल येत नाही, त्याला सापळा लागतोच. आणि ड्रम कलंडला तर तो सरळ गटारात जाऊ नये म्हणून ड्रमखाली विटांचा कठडा बांधा. आमचा कठडा एका गवंड्यानं अर्ध्या दिवसात बांधला.

धुण्याचा सोडा आणि डिझेलचा हात मारून वर्षानुवर्षं गाड्या धुतल्या, तेव्हा कुठं होतं प्रीसोक?

धुतल्या खऱ्या, मीही धुतल्यात. डिझेलनं रबर फुगतं, फरशी निसरडी होते आणि सापळ्यात तेल मावत नाही. सोडा एकटा क्षार मागे ठेवतो. मशीनमध्ये दोन्ही घालू नका.

ट्रायल कशी घ्यायची?

सप्लायर आपल्या माणसाकडून स्वच्छ गाडीवर डेमो देतो, तो बघून ऑर्डर देऊ नका. हॅचबॅकची डिकी घ्या. गाडी पळताना मागे जो हवेचा भोवरा होतो त्यामुळे सगळ्यात जास्त फिल्म तिथेच बसते. पांढरी गाडी, निदान आठवडाभर न धुतलेली. मधोमध मास्किंग टेप लावा. डाव्या अर्ध्यावर जुनं केमिकल, उजव्यावर नवं, दोन्ही आपापल्या सांगितलेल्या प्रमाणात, तुमच्याच पाण्यात मिसळलेली, दोन हातपंपांतून. मारताना खालून वर मारा, वरून मारलं तर ओघळांच्या रेषा राहतात. तुमच्या मशीनमध्ये जेवढे सेकंद मिळतात तेवढेच थांबा, आणि दोन्हीकडे सारखंच पाणी मारा. मग दोन पांढऱ्या फडक्यांनी दोन्ही बाजूंना चार-चार हात फिरवा आणि फडकी शेजारी ठेवून फोटो काढा. एका गाडीवर ठरवू नका, दहा गाड्या करा. आमच्याकडे पाच फडक्यांत निकाल लागतो असं पोरं म्हणतात, पण सहाव्या-सातव्या गाडीला एकदा उलटा निकाल लागला होता. त्या दोन गाड्या मुंबईहून आल्या होत्या.

नवं केमिकल ठरलं. जुन्या ड्रममध्ये थोडं उरलंय, त्यातच ओतू का?

नका ओतू. उरलेलं आधी संपवा, किंवा हातपंपात भरून फरशीला वापरा. लाइनमधून दहा मिनिटं साधं पाणी सोडा, फूट व्हॉल्व्हची जाळी धुवा, मग नवा ड्रम लावा. आणि सिलिंडर घेऊन डोस पुन्हा मोजा. नवा माल घट्ट असेल तर त्याच सेटिंगवर कमी ओढला जाईल आणि पातळ असेल तर जास्त.